सल्ला सदर: केबल सोडा, पण आधी अँटेना लावून बघा

वाचकाचं पत्र:

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला टाऊनहाऊसमध्ये राहतो. घरात मी, नवरा आणि सात वर्षांची मुलगी. केबल आणि इंटरनेट मिळून महिन्याला २१४ डॉलर जातात, त्यातले निम्म्याहून जास्त टीव्हीचे. मला केबल बंद करून अँटेना लावायचाय. नवरा म्हणतो, "आपण काही इतके गरजू नाही. शिवाय जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी येतायत, त्यांना काय दाखवणार?" मी काचेवर चिकटवायचा एक चपटा अँटेना आणून पाहिला. २, ४, ५ छान दिसले. ७, ११ आणि १३ मात्र लागेचनात, त्यामुळे नवऱ्याला "बघ, हे चालत नाही" म्हणायला मिळालं. त्यात आमच्या घरमालकांच्या असोसिएशनच्या माणसाने सांगितलं की इथे अँटेना लावायला परवानगी नाही. सासरे फोनवर म्हणाले, "आमच्या वेळी गच्चीवर अँटेनाच तर होता. मीही पुण्यात केबल काढून तोच लावू का?" आता मी काय करू?

उत्तर:

नमस्कार,

पहिला सोडवायचा तो ७, ११ आणि १३ चा प्रश्न, कारण तुमच्या घरातला वाद तिथेच अडलाय. तुमच्या घरी अँटेना उत्तम चालेल. तुम्ही आणलेला अँटेना या तीन वाहिन्यांसाठी बनलेलाच नव्हता.

टीव्हीवर वाहिनीचा जो आकडा दिसतो आणि ती हवेतून ज्या आकड्यावर येते, ते दोन वेगळे असू शकतात. १२ जून २००९ ला अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांचं अॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं आणि सगळं डिजिटल झालं. बऱ्याच वाहिन्या यूएचएफ, म्हणजे जास्त वारंवारतेच्या पट्ट्यात गेल्या, पण लोकांच्या तोंडात बसलेले जुने आकडे पडद्यावर तसेच ठेवले. न्यूयॉर्कची २ नंबरची सीबीएस आज ३६ वर येते, ४ नंबरची एनबीसी ३५ वर. ७ नंबरची एबीसी मात्र खरोखरच ७ वर आहे, ११ नंबरची डब्ल्यूपीआयएक्स ११ वर आणि १३ नंबरची पीबीएस १२ वर. या तिन्ही व्हीएचएफ, म्हणजे कमी वारंवारतेच्या पट्ट्यात येतात. तिथली लहर लांब असते. ७ नंबरची लहर साधारण १७० सेंटिमीटरची, म्हणजे ती नीट पकडायला अँटेनाची दांडी त्याच्या निम्मी, ८५ सेंटिमीटरच्या आसपास हवी. यूएचएफला २५ ते ३२ सेंटिमीटर पुरतात. काचेवरचा चपटा अँटेना फूटभराचा असतो, त्यामुळे त्याने २, ४, ५ पकडले आणि बाकीचे सोडले. तुमच्या नवऱ्याने जे पाहिलं ते खरं होतं, त्यातून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकला. हे त्यांना याच आकड्यांनिशी सांगा.

तेव्हा अँटेना घेताना खोक्यावर एकच गोष्ट शोधा: यूएचएफ आणि हाय-व्हीएचएफ (व्हीएचएफमधला ७ ते १३ चा भाग) दोन्ही. अशा अँटेनाला छोट्या वेटोळ्यांबरोबर किंवा जाळीबरोबर दोन्ही बाजूंना निघालेली लांब दांडी असते, ती डोळ्यांनी दिसते. किंमत शंभर डॉलरच्या आसपास, कधी बरीच कमी. "४के अँटेना", "८के अँटेना", "२०० मैल" असं छापलेलं दिसलं तर ते बाजूला ठेवा. अँटेनाला ४के कळत नाही, त्याला फक्त लहर कळते. आणि पृथ्वी गोल असल्यामुळे साठ-सत्तर मैलांपलीकडे या लहरी एरवी भरवशाने पोचतच नाहीत, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो.

तुम्हाला इतक्या लांब जायचंही नाहीये. न्यूयॉर्कच्या मुख्य वाहिन्या मॅनहॅटनमधल्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि एम्पायर स्टेट बिल्डिंग या दोन इमारतींच्या टोकावरून येतात. एडिसनहून त्या पंचवीस-सव्वीस मैलांवर आहेत आणि दोन्ही जवळजवळ एकाच दिशेला, ईशान्येला. अँटेना एकदा तिकडे वळवला की पुन्हा हलवावा लागत नाही. हे सासरेबुवांना लगेच समजेल. पुण्यात १९७३ मध्ये सिंहगडावरून प्रक्षेपण सुरू झालं तेव्हापासून शहरातल्या गच्च्यांवरचे अँटेना त्या डोंगराकडे तोंड करूनच उभे असायचे. फरक एकच. तेव्हा दिशा थोडी चुकली तर पडद्यावर मुंग्या यायच्या, पण माणसं दिसायची. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. सिग्नल पुरेसा असला तर चित्र स्वच्छ, कमी पडला की चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो, आणि आणखी कमी झाला की काहीच नाही. म्हणून "जेमतेम लागतंय" यावर समाधान मानू नका. आज जेमतेम लागणारी वाहिनी पावसाळी रात्री जाणार.

(एडिसनबाहेरच्या वाचकांसाठी: आपला पत्ता रॅबिटइअर्स या संकेतस्थळावर किंवा एफसीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी दूरसंचार आयोगाच्या, डीटीव्ही नकाशावर टाका. कोणती वाहिनी कुठल्या दिशेने, किती जोरात आणि प्रत्यक्ष कुठल्या आकड्यावर येते ते कळतं. प्रिन्स्टन, वेस्ट विंडसरकडच्यांनी हे नक्कीच करावं. तिथे न्यूयॉर्क एका बाजूला आणि फिलाडेल्फिया बरोबर उलट्या बाजूला पडतं. फिलाडेल्फियाची ६ नंबरची एबीसी तर व्हीएचएफच्या अगदी खालच्या भागात, खरोखर ६ वरच आहे. तिला आणखी लांब दांडी लागते.)

आता असोसिएशन. त्या माणसाने तुम्हाला जे सांगितलं ते सरसकट खरं नाही. १९९६ च्या दूरसंचार कायद्यानुसार एफसीसीने एक नियम केला आहे. जी जागा फक्त तुमच्या वापराची आहे, म्हणजे तुमची बाल्कनी, तुमचं पॅटिओ, तुमच्या मालकीचं छत, तिथे टीव्हीचा अँटेना लावायला घरमालकांची असोसिएशन मनाई करू शकत नाही. सुरक्षिततेची किंवा ऐतिहासिक वास्तू जपण्याची अट घालता येते, पण "दिसायला बरं दिसत नाही" एवढ्यावर अडवता येत नाही. भाडेकरूंनाही त्यांच्या ताब्यातल्या जागेपुरता हाच हक्क आहे. एक अडचण टाऊनहाऊसवाल्यांची: बऱ्याच ठिकाणी छप्पर आणि बाहेरच्या भिंती असोसिएशनच्या सामायिक मालकीच्या असतात, आणि सामायिक जागेला हा नियम लागू नाही. तुमच्या कागदपत्रांत छप्पर कुणाचं आहे ते वाचा.

पण तुम्ही या भांडणात पडूच नका असं मला वाटतं. तुमच्या घराला आतून जाता येईल असा माळा, म्हणजे अॅटिक, असेल तर अँटेना तिथेच लावा. बाहेरून दिसत नाही, कुणाला विचारायचं नाही, वारा-बर्फ लागत नाही, आणि बाहेरच्या अँटेनाला विजेपासून बचावासाठी जी अर्थिंगची तार ओढावी लागते ती आत लागत नाही. लाकूड आणि डांबरी शिंगल्समधून सिग्नल थोडा कमी होतो, पण पंचवीस मैलांवर ते परवडतं. पत्र्याचं छप्पर, वर बसवलेली सौर पॅनेलं किंवा चंदेरी कागद लावलेलं इन्सुलेशन असेल तर मात्र माळ्याचा नाद सोडा आणि ईशान्येकडची वरच्या मजल्यावरची खिडकी बघा.

माळ्यावर सकाळी लवकर चढा आणि मे संपायच्या आत काम उरका, नंतर तिथे थांबवत नाही. पाय फक्त आडव्या लाकडी तुळयांवर ठेवायचा. मधल्या इन्सुलेशनखाली नुसतं ड्रायवॉल असतं, त्यावर पाय पडला तर खालच्या खोलीचं छत फुटेल. दोघं मिळून करा. एकाने वर अँटेना धरायचा, दुसऱ्याने खाली टीव्हीवर वाहिन्या शोधायच्या. टीव्हीच्या सेटिंगमध्ये केबलऐवजी "अँटेना" किंवा "एअर" निवडल्याशिवाय शोध घेऊ नका, नाहीतर चांगला अँटेना असूनही हाती काही लागत नाही. अँटेना फूट-दोन फूट सरकवला, थोडा उंच केला की व्हीएचएफमध्ये बराच फरक पडतो, त्यामुळे पहिल्याच जागी ठोकून टाकू नका. ७, ११, १३ तरीही अडखळले तर घरातले एलईडी दिवे आणि स्वस्तातले चार्जर बंद करून बघा. त्यांचा गोंगाट नेमका याच पट्ट्यात शिरतो.

सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर आधीच आणू नका. तुमच्या अंतरावर तो बहुधा लागणार नाही, आणि जोरदार सिग्नलवर लावला तर टीव्हीतला वाहिन्या पकडणारा भाग, म्हणजे ट्यूनर, गुदमरून असलेल्या वाहिन्याही जातात. एकाच अँटेनावर दोन टीव्ही लावायचे असतील तर एका तारेच्या दोन करणारा साधा स्प्लिटर पुरेल. त्यात प्रत्येकाला निम्म्याहून थोडा कमी सिग्नल मिळतो. तीन-चार टीव्ही असतील तेव्हा अँप्लिफायरचा विचार करा.

तारेबद्दल एक इशारा. घरात केबल कंपनीने ओढलेली कोअॅक्स तार आधीच भिंतीतून फिरलेली असते आणि अँटेनाला तीच वापरता येते. पण तुमचं इंटरनेटही त्याच तारेवरून मॉडेमला येत असेल तर अँटेना त्या तारेला चुकूनही जोडायचा नाही. मॉडेमची तार वेगळी ओळखा, तिच्यावर चिठ्ठी लावा आणि बाकीच्या तारा जिथे एकत्र येतात तिथे त्या बाहेरच्या केबलपासून सोडवा. नाहीतर इंटरनेट बंद पडेल, आणि तुमचा अँटेना कंपनीच्या लाइनमध्ये गोंगाट सोडेल.

आता "आपण काही गरजू नाही" या वाक्याकडे येते. त्यामागे लाज आहे, म्हणून ते हसण्यावारी नेऊ नका. या देशात हवेतल्या लहरी जनतेच्या मानल्या जातात. वाहिन्यांना त्या सरकारी परवान्याने आणि लोकहिताच्या अटीवर वापरायला मिळतात. त्या बदल्यात कार्यक्रम कुणालाही फुकट दिसायला हवेत, आणि ते दिसतातही. १९९२ च्या कायद्याने स्थानिक वाहिन्यांना केबल कंपन्यांकडून पैसे मागण्याचा हक्क दिला, आणि कंपन्या ते पैसे तुमच्याकडून घेतात. तुमच्या बिलावर "ब्रॉडकास्ट टीव्ही फी" अशी ओळ आहे का बघा, बहुधा असेलच. जे चित्र तुमच्या छपरापर्यंत मोफत येतं, त्याचेच ते पैसे आहेत. शिवाय केबल कंपन्या एका तारेत शेकडो वाहिन्या बसवण्यासाठी चित्र बऱ्याचदा आणखी दाबतात, म्हणजे त्यातला तपशील कमी करतात. अँटेनावर येतं ते केंद्रातून निघालेलं, मधे कुणी न दाबलेलं चित्र. मोठ्या पडद्यावर, विशेषतः हिरव्यागार मैदानावरच्या खेळात, फरक दिसतो. नवऱ्याला एका रविवारी दोन्ही दाखवा आणि त्यांना ठरवू द्या. माझ्या मते यात कमीपणा काहीच नाही. उलट ज्याचा हक्क आपल्याला आहेच, ते पैसे देऊन घेत राहण्यातच मला चूक वाटते.

फुटबॉलचं त्यांना सांगा: एनएफएलचे रविवारचे सामने सीबीएस, फॉक्स आणि एनबीसीवर, म्हणजे तुमच्या २, ५ आणि ४ वर असतात. जायंट्स किंवा जेट्स या इथल्या संघांचा सामना केबलवरच्या वाहिनीकडे किंवा एखाद्या ॲपकडे असला तरी तो न्यूयॉर्क परिसरात एखाद्या स्थानिक वाहिनीवर दाखवतातच. बेसबॉल, बास्केटबॉल, हॉकीचे घरच्या संघांचे बहुतेक सामने मात्र अँटेनावर येत नाहीत. ते नियमाने बघत असतील तर तेवढा खर्च वेगळा धरा. क्रिकेटही अँटेनावर नाही. त्यासाठी विलो या क्रिकेटच्या वाहिनीची स्वतंत्र वर्गणी घेता येते, केबल लागत नाही. मुलीसाठी पीबीएस किड्सची वेगळी उपवाहिनी चोवीस तास असते आणि तिच्यात मधे जाहिराती घुसत नाहीत. सात वर्षांच्या मुलीसाठी यापेक्षा चांगलं काही मला माहीत नाही.

आणि आता सासू-सासरे. इथे तुमच्या नवऱ्याची काळजी रास्त आहे. परक्या गावात, मुलगा-सून कामावर गेल्यावर दिवसाचे आठ-नऊ तास कसे जातात, ते एडिसनच्या घराघरांत आलेल्या आई-वडिलांना विचारावं. गाडी चालवता येत नाही, ओळखीचं कुणी भेटत नाही. टीव्हीवर मराठी ऐकू येणं ही तेव्हा चैन राहत नाही. अँटेनावर मराठी वाहिन्या नाहीत आणि येणारही नाहीत, म्हणून वाचलेल्या पैशांतला पहिला वाटा त्यांच्या मराठीचा ठेवा. झी मराठीच्या मालिका झी५ च्या ॲपवर अमेरिकेत वर्गणी भरून दिसतात. पुण्यातलं खातं इथे तसंच चालेल असं धरू नका. बातम्यांसाठी एबीपी माझा यूट्यूबवर दिवसभर थेट असतं, मोफत. पुण्यात संध्याकाळी सातला लागणारी मालिका इथे उन्हाळ्यात सकाळी साडेनऊला लागते, पण ॲपवर ती कधीही बघता येत असल्याने सासूबाईंना त्यांची संध्याकाळची वेळ इथेही पाळता येईल. हे कसं लावायचं ते त्या आल्यावर पहिल्या दोन दिवसांत तुम्ही स्वतः शेजारी बसून शिकवा. मोठ्या अक्षरांत मराठीत कागदावर लिहून द्या: कुठलं बटण दाबलं की अँटेना, कुठलं दाबलं की ॲप. "आई, ते सोपं आहे" म्हणून रिमोट हातात देऊन निघून जाऊ नका. नाही जमलं तर त्या कुणाला सांगणार नाहीत, नुसत्या बसून राहतील.

अँटेना त्यांच्याही उपयोगाचा आहे. त्यांचा मुक्काम जून ते नोव्हेंबर, आणि अटलांटिकच्या चक्रीवादळांचा हंगामही नेमका तोच. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळ आलं तेव्हा न्यू जर्सीत कित्येक घरांची वीज, केबल आणि इंटरनेट दिवसेंदिवस बंद होतं. वीज असेल किंवा जनरेटर असेल तर अँटेनाला केबलही लागत नाही, इंटरनेटही नाही. स्थानिक वाहिनीवर वादळाचा नकाशा दिसत राहतो. तुम्ही कामावर असताना घरी दोघंच असतील, म्हणून ७ नंबर कसा लावायचा हे त्यांना मालिकेइतकंच नीट दाखवून ठेवा.

केबल तोडण्याचा क्रम चुकवू नका. आधी अँटेना, मग निदान दोन आठवडे दोन्ही चालू ठेवून बघणं, मग केबल कंपनीला फोन. फोन करण्याआधी करार कधी संपतो ते पाहा आणि फक्त इंटरनेटचा दर लेखी मागून घ्या. टीव्ही काढल्यावर इंटरनेटची सवलत जाऊन दर वाढतो, कधी इतका की निम्मी बचत तिथेच संपते. तसं झालं तर परिसरात दुसरी इंटरनेट कंपनी आहे का विचारा आणि तिचा दर हातात असतानाच बोला. पलीकडचा माणूस तुम्हाला थांबवण्यासाठी स्वस्त पॅकेज देईल. ते किती महिन्यांसाठी आणि त्यानंतर काय, एवढंच विचारा. केबलचे सेट-टॉप बॉक्स परत करताना पावती घ्या आणि वर्षभर जपून ठेवा. आणि केबल काढून लगेच इंटरनेटवरची "लाइव्ह टीव्ही" सेवा घेऊ नका. यूट्यूब टीव्हीसारख्या सेवा महिन्याला ऐंशी डॉलरच्या पुढे गेल्या आहेत. तुमच्या घराच्या गरजेला तो खर्च बसत नाही.

"नेक्स्टजेन टीव्ही" असं लिहिलेला महागडा नवा सेट कुणी गळ्यात मारायला लागलं तर नको म्हणा. ते नवं प्रक्षेपण ऐच्छिक आहे, त्यातल्या काही वाहिन्या कुलूपबंद येतात, आणि तुमच्या आजच्या टीव्हीला दिसणारं प्रक्षेपण चालूच आहे. १ मार्च २००७ नंतर इथे बनवलेल्या किंवा आयात केलेल्या टीव्हींत डिजिटल ट्यूनर असणं बंधनकारक आहे. मागे कोअॅक्सची तार लावायची गोल जागा दिसली की काम झालं.

शेवटी सासरेबुवांचं पुणं. त्यांना गच्चीवरचा तो जुना अँटेना पुन्हा लावू नका म्हणावं. दूरदर्शनने जमिनीवरची अॅनालॉग प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत जवळपास सगळी बंद केली. त्या अँटेनाची जागा आता डीडी फ्री डिशने घेतली आहे. २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली ही सेवा उपग्रहावरून येते. छोटी तबकडी आणि सेट-टॉप बॉक्स एकदा विकत घ्यायचा, महिन्याचं काही नाही. पुण्यातून तबकडीचं तोंड आग्नेयेला करावं लागतं, म्हणजे त्या बाजूला उंच इमारत नको. जोराच्या पावसात चित्र थोडा वेळ जातं. त्यावर डीडी सह्याद्री आहे, बाकी दूरदर्शनच्या वाहिन्या आहेत आणि काही खासगीही, पण खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे यादी बदलत राहते. झी मराठीसारखी पैसे भरून बघायची वाहिनी तिथे नसते. तेव्हा निर्णय सासऱ्यांनी एकट्याने घेऊ नये. सासूबाईंना आधी विचारा, त्या कुठल्या मालिका बघतात. त्या झी मराठीवरच्या असतील तर पुण्यातली केबल राहू द्या. आणि निघताना सहा महिन्यांसाठी कनेक्शन तात्पुरतं बंद ठेवता येतं का, हे केबलवाल्याला मे महिन्यातच विचारून घ्यायला सांगा.